बंबात गेलेली वही

आमचे जर्मन मास्तर आंघोळीला बसले की देवाचं नाव घ्यायचे नाहीत. डोक्यावर पहिला तांब्या ओतला की सुरू, "ब्लिंग, ब्लांग, ब्लुंगन!" सोनपेठेत आमच्या ओसरीलगतच्या खोलीत ते अकरा वर्षं राहिले आणि अकरा वर्षं मी हे चुलीपाशी बसून ऐकलं. ब्लिंग म्हणजे दिवा लावणं, ब्लांग म्हणजे लावला, ब्लुंगन म्हणजे लावलेला. ही भाषा जगात कुठेच नव्हती. जर्मनच्या घाटणीवर मास्तरांनी ती स्वतःच रचली होती, म्हणून ते जर्मन मास्तर.

शाळेत ते इंग्रजी शिकवायचे आणि घरी आले की वहीत आपली क्रियापदं मांडायचे. "वैनी, काही क्रियापदं शेपटीवाली. मागं अक्षर चिकटवलं की झाला भूतकाळ. खरी तालेवार ती, जी पोटातला स्वर बदलतात." अशा तालेवारांची त्यांनी सात घराणी केली होती. मी म्हणायचे, "अहो, पण ही भाषा बोलणार कोण?" "आपून बोलायलोत की!" "आपून न्हाई, तुमी एकटेच." मग खो खो हसायचे. एकदा म्हणाले, "आपल्यात तुटतं आन् तोडतं न्हाई का? तसंच हाय हे." मला पटलं, पण कबूल कोण करतंय!

निजामाच्या राज्याचं ते शेवटचं वर्ष, मास्तरांचं आमच्याकडचं अकरावं. कुणाचा भरवसा उरला नव्हता. गल्लीत घोड्याची टाप वाजली तरी मी दाराला कडी घालायचे. कोपऱ्यावरच्या शिपायाने एकदा विचारलंच, "ये मास्टर नहाते वक्त क्या बोलते जी?" मी म्हटलं, "मंत्र." मास्तरांना हात जोडून सांगितलं, आता तरी गप आंघोळ करा. "बरं वैनी," म्हणाले. दुसऱ्या दिवशी पुन्हा ब्लिंग, ब्लांग! शेवटी मी त्यांची वही ज्वारीच्या कणगीत दडवली.

मास्तर कामानिमित्त परभणीला गेले आणि त्याच दुपारी वरच्या आळीत झडती सुरू झाली. कणगी तर ते आधी उपसणार, म्हणून मी वही बाहेर काढली. मास्तरांचं शिक्षण उर्दूतून, त्यामुळे वही उर्दू अक्षरांत. म्हणजे शिपायांना वाचता येणार, पण अर्थ लागणार नाही. पानोपानी तीन-तीन शब्द. गुप्त इशारे म्हणतील आणि या भोळ्या माणसाला तुरुंगात सडवतील. वही तशीच न्हाणीच्या पेटत्या बंबात कोंबली. मेली लवकर जळेना सुद्धा.

जमादार आला. कणगीत हात घालून पाहिलं, मग मास्तरांची खोली. मेजाखाली एक सुटा कागद राहिला होता. त्याने तो उजेडात धरला, ओठांतल्या ओठांत वाचला आणि चक्क हसला. "अरे, ये तो गर्दान है! हम भी बचपन में फारसी की गर्दान मार खा-खा के रटे." क्रियापदाची रूपं घोकणं, त्यालाच ते लोक गर्दान म्हणतात. कागद माझ्या हातात देऊन तो निघून गेला.

कपाळ माझं! वही घरात असती तरी काही झालं नसतं.

संध्याकाळी मास्तर आले. मी रडत रडत सगळं सांगितलं आणि तो एक कागद पुढे केला. त्यांनी बंबाखालची राख काडीने चाळून पाहिली. मग म्हणाले, "पाणी तरी तापलंय न्हवं, वैनी?"

ते न्हाणीत गेले. आतून नुसता पाण्याचा आवाज. अकरा वर्षांत पहिल्यांदा. मला सोसेना. दाराशी जाऊन मी ओरडले, "मास्तर, बोला की!"

तांब्या थांबला. "ब्लिंग," आतून आलं. बऱ्याच वेळाने, "ब्लांग." पुढचा शब्द काही येईना.

"ब्लुंगन," मी बाहेरून म्हणाले.