उकळलेला विळा
पाण्यात लोखंड उकळलं की एक गंजका वास सुटतो, आणि मला कारंज्यातली, कापसातली सरकी काढायच्या जिनामागची मजूरवस्ती आठवते. महायुद्धाच्या वर्षांत मी तिथे नर्स होते. वस्तीतली कितीतरी मुलं जन्मल्यावर आठवड्याच्या आत धनुर्वातानं जात. नाळ कापायचा विळा उकळून घ्या, असं मी तिथल्या म्हाताऱ्या सुईणीच्या मागे लागले होते. शेवटी जिनात कापूस निवडणाऱ्या एका बाईच्या बाळंतपणात तिनं माझ्यासमोर विळा खळखळ उकळला. मुलगी झाली. मी हात धुऊन वळले, तर सुईण कोनाड्यातली गोवरीची राख बेंबीवर दाबत होती. मी तिचा हात धरला. "बाई, तुमच्या म्हन्यानं इळा उकळला मी," ती शांतपणे म्हणाली. "राख तं जळूनच आली हाय. तिले अजून कायले उकळू?" मी राख पुसून काढली, बेंबी धुतली. चार दिवसांनी गेले तेव्हा आई म्हणाली, "पोरगी दूध वढून नाही राह्यली." मिटलेल्या जबड्यात माझी करंगळी शिरेना. बेंबीवर राखेचा ताजा थर होता. मुलगी गेली. दारात जमलेल्या बाया म्हणाल्या, "उकळल्यानं लोखंडाचं इख पोरीले भिनलं." पुढच्या बाळंतपणाला सुईणीनं मला मानानं बसायला पाट दिला; चुलीवर पाणी नव्हतं. परवा माझा नातू झाला, तेव्हा सगळ्यांनी त्याचं तोंड पाहिलं. मी दुपटं बाजूला करून आधी बेंबी पाहिली.