क्रेट झटकायचे की धुरळायचे

सुवर्णाबाई पिंगळ दहावीला इंग्रजीत सहा मार्कांनी नापास झाल्या. पेपरात क्रियापद ओळखायला एक वाक्य आलं होतं, बाई झाडांना पाणी घालते अशा अर्थाचं. त्यात ‘वॉटर’ होतं. वॉटर म्हणजे पाणी, पाणी हे नाम. ‘प्लांट’ होतं. प्लांट म्हणजे रोप, तेही नाम. मग क्रियापद उरतंय कुठं? त्यांनी खूप विचार करून उत्तर लिहिलं, ‘या वाक्यात क्रियापद नाही.’ त्याच उन्हाळ्यात दिंडोरीच्या केरू पिंगळांशी त्यांचं लग्न लागलं आणि शाळा संपली.

पण इंग्रजी काही संपलं नाही. केरूंची दोन एकर द्राक्षबाग होती, आणि औषधांच्या बाटल्यांवर सगळं इंग्रजीच. सोबतच्या घडीच्या कागदावर मात्र तोच मजकूर मराठीतही असायचा. सुवर्णाबाई केरूंना औषध मोजून द्यायच्या आणि कागद पुसून जपून ठेवायच्या. दुपारी दोन्ही मजकूर शेजारी शेजारी धरून वाचायच्या.

एकदा बाटलीवर ‘शेक वेल’ दिसलं. शेक म्हणजे हलवा, हे ठाऊक होतं. वेल म्हणजे विहीर, हेही ठाऊक होतं.

“विहीर हलवायला सांगत्यात,” त्या केरूंना म्हणाल्या.

“मग हलव की,” केरू म्हणाले. “पाणी तरी वर यील.”

मराठी कागदावर होतं, ‘चांगले हलवून घ्या.’ त्या दिवशी सुवर्णाबाईंना कळलं, की इंग्रजी शब्दाला एकच घर नसतं. तो आज इथं राहतो, उद्या तिथं. तो कुठल्या घरात बसलाय ते बघायचं आणि मग अर्थ लावायचा. पुढं त्यांनी शब्दांची वहीच केली. एका बाजूला ‘नाव’, दुसऱ्या बाजूला ‘काम’. बॉक्स म्हणजे खोका, आणि बॉक्स म्हणजे ठोसे मारणं. प्रून म्हणजे छाटणी करणं, आणि प्रून म्हणजे एक सुकवलेलं फळसुद्धा. वही भरत गेली.

मुलगी आरोही कॉलेजात गेल्यावर सुवर्णाबाई जवळच्या पॅकहाउसमध्ये द्राक्षांचे घड साफ करायच्या कामाला लागल्या. परदेशी जाणारा माल. तिथले सुपरवायझर महेश सर शेतीची पदविका घेतलेले, वयानं आरोहीपेक्षा थोडे मोठे, कामात चोख.

फेब्रुवारीत एका सकाळी बाहेरच्या खरेदीदाराची सूचना आली. महेश सरांनी ती फळ्यावर लावली आणि मजुरांना गंधकाच्या भुकटीची गोणी आणायला सांगितलं. रिकाम्या क्रेटवर भुकटी मारायची होती. दोन क्रेट पिवळे झालेसुद्धा.

सुवर्णाबाई फळ्याजवळ गेल्या. ‘पॅक करण्याआधी क्रेट डस्ट करा,’ एवढंच इंग्रजीत लिहिलेलं होतं. दहावी नापास बाईनं पदविकावाल्याला काय सांगायचं? पण गोणी पुढं सरकत होती.

“सर, थोडं थांबता का? हे डस्ट तसलं नसंल.”

“सुवर्णाबाई, डस्टिंग म्हणजे धुरळणी. तीन वर्षं हेच शिकलोय मी.”

“रानात धुरळणीच, सर. पण घरात डस्ट करायचं म्हणजे धूळ झटकायची. शब्द एकच, एकदा भुकटी टाकायची, एकदा काढायची.” त्यांनी रिकाम्या क्रेटकडं बोट दाखवलं. “आता क्रेट रानात हायेत का घरात?”

टेबलांवरच्या कात्र्या थांबल्या. महेश सरांचा चेहरा लाल झाला. पण माणूस सरळ होता. त्यांनी तिथूनच मॅनेजरला फोन लावला, मॅनेजरनं खरेदीदाराच्या माणसाला. दहा मिनिटं गेली. मग उत्तर आलं: कोरड्या फडक्यानं पुसून घ्यावेत.

दोन क्रेट धुवायला गेले, गोणी परत गेली. महेश सरांनी स्वतः फडकं घेतलं आणि पहिला क्रेट पुसता पुसता म्हणाले, “फळ्यावर काही लावायच्या आधी तुम्हाला दाखवत जाईन.”

“दाखवा की,” सुवर्णाबाई म्हणाल्या, आणि मान खाली घालून घड साफ करायला लागल्या. हात मात्र जरा जास्तच भरभर चालत होते.

तेव्हापासून जेवणाच्या सुट्टीत बायका त्यांच्याभोवती बसायला लागल्या. कुणी घरच्या रिमोटवरचा शब्द आणायचं, कुणी साबणाच्या पुड्यावरचा. सुवर्णाबाई विचारायच्या, “नाव का काम?” आणि बायका भाकरी मोडता मोडता भांडायच्या.

भागुबाई कधीच शाळेत गेलेल्या नव्हत्या. पंधरा दिवस त्या नुसतं ऐकत होत्या. एक दिवस चटणीचा डबा बंद करत म्हणाल्या, “एवढं काय नवल करता त्या विंग्रजीचं? आमी नातीला म्हणतो, एक नाच नाच. त्यातला पयला नाच नाव, दुसरा काम. आपल्यात बी हायच की.”

सुवर्णाबाईंचा घास हातातच राहिला. एवढ्या वर्षांत हे त्यांच्या ध्यानातच आलं नव्हतं. त्यांनी वही काढली, कोरं पान उघडलं आणि पेन्सिल घेऊन भागुबाईंच्या शेजारी सरकून बसल्या.

“अजून सांगा,” त्या म्हणाल्या. “हळू सांगा, मला लिहून घिऊ द्या.”