रिकामी नळी

प्रोफेसर वीबे हान्स्ट्राच्या विभागात मी सचिव आहे. माणूस हट्टी. संशोधक म्हणून प्रवेश हवा तर दहापैकी सरासरी आठ गुण हवेतच, हा नियम त्याचाच. त्यापायी त्याने सख्ख्या भाच्यालाही परत पाठवलं होतं.

त्याचा जीव अडकला होता एका उत्प्रेरकात. ती करडी पूड नळीत भरायची, कार्बन डायऑक्साइड आणि हायड्रोजन सोडायचे, पलीकडे इंधनवायू किती निघतो ते मोजायचं. आकडे असे झकास येत होते की एका कंपनीने नव्या संशोधकाचा चार वर्षांचा पगार देऊ केला.

त्या जागेसाठी झ्वोलेहून योरिंदे आली. गुण साडेसात. तरी वीबे म्हणाला, "भेटू तर दे. पटली तर निवड समितीकडे सूट मागेन." मुलाखतीत उमेदवारानेही प्रोफेसरला प्रश्न विचारायचे, ही आम्हा डच लोकांची रीत. बहुतेक जण सुट्ट्यांबद्दल विचारतात.

हिने विचारलं, "तुमच्या शोधनिबंधात लिहिलंय तशी काचेची नळी काढून स्टीलची बसवलीत, तेव्हा ती रिकामी चालवून पाहिली होती?"

"काचेची पाहिली होती."

"मी स्टीलचं विचारतेय. त्यात निकेल असतं, तेही उत्प्रेरकच. काम पूड करतेय की नळीची भिंत?"

वीबेचा चेहरा उतरला. ती गेल्यावर मी म्हटलं, "आगाऊ आहे पोरगी. गुण कमी, नियम तुझाच. नकार कळव आणि मोकळा हो."

"आधी नळी बघतो," तो म्हणाला.

दुसऱ्या दिवशी जेवणाचा डबा न उघडताच तो यंत्रापाशी बसून होता. संध्याकाळी माझ्या दारात येऊन म्हणाला, "टिनेके, पूड नाही, काही नाही, तरी तेवढाच वायू निघतोय." मला त्याची कीव आली आणि तिचा भयंकर राग आला.

त्याने छापून आलेला तो शोधनिबंध मागे घेतला. "डोकं ठिकाणावर आहे का तुझं?" मी ओरडले. कंपनीने हात काढून घेतला. समितीने योरिंदेसाठी नियम शिथिल केला खरा, पण तोवर जागाच उरली नव्हती. फोन वीबेनेच केला, माझ्यासमोर, स्पीकरवर.

"म्हणजे माझं बरोबर होतं?" ती म्हणाली.

"हो."

मग म्हणाली, "आणि मी गप्प बसले असते तर?"

खोटं बोलून तिची समजूत घालता आली असती. पण हा वीबे.

"तर तुला घेतलं असतं," तो म्हणाला, "आणि चार वर्षं तू माझ्याबरोबर भिंतीचं काम पुडीच्या नावावर मांडत बसली असतीस."