थंडोबाचा निकाल

गल्लीत त्याला सगळे थंडोबा म्हणत. कॉम्प्युटरच्या दुकानात बसून दुसऱ्यांची यंत्रं थंड ठेवायची, हा त्याचा धंदा. हौशी गिऱ्हाइकं प्रोसेसर ठरल्यापेक्षा जास्त वेगानं पळवतात, मग तो तापतो. त्याच्यावर तांब्याचा ठोकळा बसवून आतून पाणी खेळवायचं. कोणता ठोकळा सरस, हे थंडोबानं सांगावं आणि बाकीच्यांनी मान डोलवावी.

त्याचं स्वतःचं डोकं मात्र कधीच निवलं नव्हतं. "स्क्रू पिळणारा जावई मिळाला," हे लग्नातलं सासऱ्याचं वाक्य त्यानं पोटच्या पोरासारखं जपलं होतं.

त्याच सासऱ्याचा लाडका लेक नोकरीला लाथ मारून धातू कातायच्या लेथवर बसला आणि एका दुपारी स्वतः घडवलेला ठोकळा घेऊन दुकानात आला. सोबत एक स्टुडिओवाला होता. ठोकळा कंपनीच्या मालाला भारी पडला, तर स्टुडिओतल्या सगळ्या यंत्रांना तोच लागणार होता.

"भाऊजी, तुम्हीच बसवा," मेहुणा म्हणाला. "तुमच्या शब्दाला वजन आहे."

आधी कंपनीचा ठोकळा बसला. तापमानाचा आकडा सत्तरच्या आत राहिला. मग थंडोबानं मेहुण्याचा ठोकळा उलटा केला. तळ लखलखीत घासलेला, आणि त्यावर पारदर्शक प्लास्टिकचा पापुद्रा. ओरखडे पडू नयेत म्हणून चिकटवलेला, घाईत काढायचा राहिलेला. प्लास्टिक मध्ये असताना तांबं उष्णता ओढणार कशी? नखानं सोलला असता तरी निघाला असता. थंडोबानं मिठाची गुळणी धरली, पापुद्र्यावरच उष्णता वाहून नेणारी पेस्ट लावली आणि स्क्रू आवळले.

आकडा नव्वदीपार गेला. यंत्र गचके खाऊन बंद पडलं.

"हातच्या कांकणाला आरसा कशाला!" थंडोबा हळहळला. स्टुडिओवाला चहासुद्धा न घेता उठला.

"भंगारात टाका तो, भाऊजी," मेहुणा म्हणाला. पुढे लेथही विकलं गेलं.

भंगारात टाकायला थंडोबा खुळा थोडाच होता! पापुद्रा सोलून त्यानं तो ठोकळा स्वतःच्याच यंत्रात बसवला आणि वरून झाकण लावलं.

"त्याला दुकानात घ्या ना," बायकोनं गयावया केली. थंडोबानं घेतलं. स्क्रू पिळायला.

एकदा झाडलोट करताना मेहुण्याची नजर त्या यंत्राच्या आकड्यावर गेली. साठीलाही शिवत नव्हता.

"कोणत्या कंपनीचा ठोकळा हो, भाऊजी?"

"बाहेरचा आहे. तुला नाही कळायचं."

"खरंय. असा एक जरी जमला असता ना मला..." मेहुणा म्हणाला, आणि झाकणावरची धूळ त्यानं जपून पुसली.