गीत उचलणारी सोमी

बोईसरच्या आमच्या चर्चमध्ये पेटी आली १९८६ साली. त्याआधीची बारा वर्षं आमचं सगळं गाणं सोमीबायच्या गळ्यावर चाललं होतं.

मासवणकडच्या पाड्यावरची ही बाई. चर्चच्या बांधकामावर घमेली वाहायला आली आणि मिशनच्या वसतिगृहात भाकऱ्या थापायला राहिली. अक्षर एक येत नव्हतं, पण एखादं गीत दोनदा कानावर पडलं की ते तिचं झालं. मिस्सेत, म्हणजे रविवारच्या उपासनेत, पहिली ओळ ती एकटी म्हणायची, मग आम्ही सगळे तिच्या मागून. याला आमच्याकडे गीत उचलणं म्हणत. उचलण्याआधी ती मागे वळून माणसं बघून घ्यायची. पोरं जास्त असली तर पट्टी वर, म्हाताऱ्या जास्त असल्या तर खाली. मयताला तर आणखी खाली.

"रडणाऱ्याला वर जाता येत नाय, पुष्पे," ती म्हणायची.

पुष्पे म्हणजे मी, पुष्पलता. वसतिगृहातली पोरकी मुलगी. माझी वेणी घालता घालता तिने मला सगळी गीतं दिली.

मग पेटी आली, आणि ती वाजवायला कैतान मास्तर आले. मूळचे वसईचे, तारापूरच्या एका कारखान्यात टाइमकीपर, आणि चर्चमध्येही टाइमकीपरच. त्यांनी बारा बायकांचं गायनमंडळ उभं केलं, सगळ्यांना पांढऱ्या साड्या नेसवल्या, आणि तीन वर्षं सोमीबायच्या पट्टीवरून तिच्याशी हुज्जत घातली.

१९८९ साली पालघरला सगळ्या धर्मग्रामांची, म्हणजे आसपासच्या चर्चांची, गायनस्पर्धा ठरली. मास्तरांनी निवडलं ते सोमीबायचं स्वतःचं गीत. भातलावणीच्या चालीवर तिने बाळ येशूसाठी पाळणा रचला होता. सहा आठवडे ती आम्हाला ओळ न् ओळ शिकवत होती. बाई हरखून गेली होती. पाड्यावर घरोघरी जाऊन सांगून आली, "मी उचलणार हाय. समदी या."

स्पर्धेच्या आदल्या दिवशी मास्तरांनी तिला वगळून आम्हा अकरा जणींना बोलावलं.

"तिची पट्टी रोज वेगळी. मी पेटी घेऊन तिच्यामागे धावू काय? पुष्पलता, तू उचल."

मी बावीस वर्षांची होते. नाही म्हणायला तोंड होतं मला. पण खोटं कशाला बोलू, मला आनंद झाला. सोमीबायला मी सांगते, एवढंही मी म्हटलं नाही. मास्तर म्हणाले, मी बघतो.

त्यांनी बघितलं ते स्टेजच्या पायरीवर, आमचं नाव पुकारल्यावर. "बाई, तुम्ही मागे उभ्या राहा. नुसते ओठ हलवा, आवाज काढू नका."

सोमीबायने माझ्याकडे पाहिलं. मी निऱ्या सारख्या करत राहिले.

समोर तिचा अख्खा पाडा बसला होता. तिचा भाऊ बुधा नवा सदरा घालून सगळ्यांत पुढे. मी उचललं, अगदी पेटीच्या पट्टीत. मागे ती ओठ हलवत होती. आमचा पहिला नंबर आला.

बाहेर बुधाने तिला विचारलं, "सोमे, तुजा आवाज कसा नाय आला?"

"घसा बसलाय," ती म्हणाली.

ती आमची लाज झाकत होती की स्वतःची, ते मला कळलं नाही. दुसऱ्याच आठवड्यात ती वसतिगृह सोडून पाड्यावर निघून गेली. मास्तरांनी चषक पेटीवर ठेवला आणि दर रविवारी रुमालाने पुसला. त्या माणसाला कधी वाईट वाटलं असेल असं मला वाटत नाही. मला वाटत होतं, आणि तरी मी दर रविवारी गीत उचलत होते.

तीन वर्षांनी, आवणीच्या दिवसांत, मी माफी मागायला पाड्यावर गेले. काय बोलायचं ते वाटभर घोकत होते. बांधावर पोचले तर खाली चिखलात सात-आठ बाया वाकून रोपं लावत होत्या आणि सोमीबाय गात होती. मोकळ्या, भरदार आवाजात. इतकं सुंदर की मी चप्पल हातात घेऊन तशीच उभी राहिले.

तिने मान वर केली आणि ओळ अर्ध्यातच तोडली.

"का गो थांबलीस?" शेजारच्या बाईने विचारलं.

"त्या बाईला जाव दे आदी," सोमीबाय म्हणाली.