धुऱ्यापलीकडचं डुक्कर

कारंजा (घाडगे)च्या फाट्यावर उतरून तर्री (झणझणीत रस्सा) घातलेले पोहे खाल्ले, डोळे पुसले आणि ऑटोने मित्राच्या बहिणीच्या, शोभाताईंच्या, गावाकडे निघालो. दोन्हीकडे पिवळं पडलेलं सोयाबीन, मागे जंगलाची काळसर रेघ.

गावात सत्कार चालू होता. शेतातली रानडुकरं मारायची परवानगी मिळाली होती आणि नागपूरहून बंदूकवाले साहेब आले होते. शाल, श्रीफळ, लांबलचक भाषणं. डुक्कर अजून एकही पडलं नव्हतं; पण सत्कार आधीच उरकलेला बरा, नंतर कारण उरेलच असं नाही.

शोभाताई मागे उभ्या होत्या. "डुकराच्या भेवानं बाया सोंगणीले (कापणीला) येत नाईत. उद्या येतो म्हन्तेत, पन आज बंदोबस्त झाला तरच. नाई त शेंगा उभ्याच फुटतीन."

दिवस मावळताना साहेब, वनरक्षक, शोभाताई आणि मी शोभाताईंच्या धुऱ्यावर (बांधावर) बसलो. अलीकडे त्यांचं शेत, पलीकडे सरकारी जंगल. कळप सोयाबीनमध्ये शिरला. गोळी सुटली. एक मोठं डुक्कर कोलमडलं, उठलं आणि धुरा ओलांडून पलीकडच्या झुडपात पडलं. तिथून घुरघुर येत राहिली.

साहेबांनी पुन्हा बंदूक उचलली. वनरक्षकाने हात आडवा धरला. "परवानगी शेतापुरती हाये, साहेब. तिकडं मारलं त गुन्हा लागते."

"अरे भाऊ, तेच डुक्कर हाये ना!" शोभाताई म्हणाल्या. "खायाले माह्या वावरात (शेतात), अन् मराले सरकारच्या?"

"मी काय करू, काकू? वर इचारतो."

वरून उत्तर आलं, सकाळी पाहू. साहेब गाडीत बसून नागपूरला गेले.

सकाळी बाया आल्या आणि घुरघुर ऐकून रस्त्यावरूनच वळल्या. "जखमी डुक्कर पोट फाडते, शोभे. राग नको मानू," एक म्हणाली. शोभाताई एकट्याच विळा घेऊन बसल्या, जंगलाकडे तोंड करून. मी हात लावू का विचारलं.

"कधी सोंगलं काय, भाऊ? नाई ना? मंग निंगा, बस चुकन."

घरी सगळ्यांनी विचारलं, वाघ दिसला का. मी नाही म्हणालो, तिथेच त्यांचं कुतूहल संपलं.

काही दिवसांनी फोन केला. "अर्धं सोंगलं, अर्धं फुटलं," शोभाताई म्हणाल्या. "डुक्कर मेलं असन. वास येऊन राह्यला." सरकारी हद्दीत मेलेल्या जनावराला हात लावायचा हक्क त्यांना नव्हता. वास घ्यायची तेवढी मोकळीक होती.