नारिंगी टोकाची मशीनगन

अन्याय झाला तो माझ्या शेजाऱ्यावर, बालवाडीपासूनच्या माझ्या दोस्तावर. गेल्या गणपतीत, गौरी गेल्या त्याच्या दुसऱ्या दिवशी, भर दुपारी, ताटावरून उठवून त्याला पोलिसांनी नेलं. भात कालवलेला हात धुऊ दिला नाही. हे आधी सांगतो, कारण आमच्या गल्लीत ही गोष्ट निघाली की लोक "पण बंदूक होती की त्याच्याकडं" इथूनच सुरू करतात.

होती. आम्ही दोघांनी केली होती. आमच्या घरामागं, आई शेळ्या बांधते तिथं बसून.

आयटीआय आम्ही बरोबर केली. मी मोर्च्यांची पत्रकं वाटत फिरलो, त्यानं काम शिकून घेतलं. कुर्डुवाडीला एका ठेकेदाराकडं फिटर म्हणून त्याची निवड झाली होती. रुजू व्हायला पोलिसांचा चारित्र्याचा दाखला तेवढा बाकी होता. गणपती झाले की काढू, असं ठरलेलं.

मंडळाचा देखावा होता सीमेवरचा बंकर. वाळूची पोती आणि पोत्यांवर मशीनगन. मंडळाचे अध्यक्ष, ज्यांना सगळी गल्ली दादा म्हणते, आम्हाला म्हणाले, "तुमी आयटीआयवाली पोरं. घरीच करा की."

अवजारं म्हणजे काय होतं? मूठ नसलेलं हॅक्सॉ ब्लेड, फडक्यात गुंडाळलेलं. त्याच्या अब्बांचं फर्निचरचं काम, त्यांची जुनी पटाशी. एक हातोडी. आणि आईचा गॅस. नळाचा प्लास्टिक पाइप ही नळी. पकडीत खिळा धरून तापवायचा आणि पाइपाला ओळीनं भोकं पाडायची. त्या वासानं आई बाहेर आली. "काय जाळताय रं? शेळ्या शिंकायल्यात!"

दस्ता प्लायवुडचा. गोळ्यांचा पट्टा म्हणजे यंत्रमागाच्या रिकाम्या कांड्या, सूत गुंडाळतात त्या, पितळी रंग देऊन सुतळीत ओवलेल्या. पोटात जत्रेतली स्प्रिंगची खेळण्यातली बंदूक बसवली, प्लास्टिकचे छर्रे मारणारी. एक छर्रा मारला की खटका परत मागं ओढायचा, मग दुसरा.

"आणि ह्याला मशीनगन म्हणायचं?" मी म्हणालो.

"गन मी केलो," तो म्हणाला. "मशीन तू हो. तोंडानं आवाज काढ."

मी धडधड आवाज काढत अंगणात पडलो. शेळी दचकली. आम्ही पोट धरून हसलो.

आता एक शब्द नीट समजून घ्या, सगळं त्याच्यावर उलटलं. लाकूडकामात ज्या तिकाटण्यावर फळी ठेवून रंधा मारतात, त्याला घोडा म्हणतात. रंगारी आपल्या शिडीलाही घोडाच म्हणतो. त्याच्या घरात लहानपणापासून हा शब्द. गनखाली दोन पाय लावले, तर तो त्यांनाही घोडा म्हणायला लागला. पिक्चरमधले गुंड पिस्तुलाला घोडा म्हणतात, ते त्यालाही माहीत होतं. पण आपल्या घरातला शब्द तोंडातून काढताना कोण पिक्चर आठवतं?

टोकाला त्यानं नारिंगी रंग दिला. परदेशात खेळण्यातल्या बंदुकीचं टोक असंच रंगवतात, लांबून कळावं म्हणून, असं त्यानं कुठल्याशा व्हिडिओत बघितलं होतं. पहिल्या संध्याकाळी गल्ली लोटली. काका, काकू, नव्या सुना, सगळ्यांनी पोत्याआड बसून फोटो काढले. मग दादा आले.

"टोकाला झेंडू लावलाय काय रे? काळं कर."

"दादा, खेळणं हाय ते कळायला पायजे म्हणून—"

"कुणाला कळायला पायजे? खरी वाटली पायजे!"

दुसऱ्या दिवशी त्यानं टोक काळं केलं. नारिंगी रंग खाली तसाच राहिला.

मग एका काकांनी फोटोसाठी गनवर सगळा भार टाकला आणि पाय मोडले. तो गन घरी घेऊन गेला, नवे पाय ठोकले आणि मंडळाच्या ग्रुपवर बोलून संदेश टाकला, "दादा, घोडा तयार हाय. कांड्या पण भरलो. गर्दी व्हायच्या आत घेऊन येतो."

ग्रुपमधल्या कुणीतरी तो आवाज उचलून बाहेरच्या ग्रुपवर टाकला. खाली त्याचं नाव, आडनावासकट, आणि दोन शब्द: सावध राहा. आडनाव आमचं असतं तर लोक हसले असते. त्याचं होतं, म्हणून दुपारी गाडी आली.

मी मागोमाग ठाण्यात गेलो. मला खुर्ची दिली. तो फरशीवर, उकिडवा, भात वाळलेला हात गुडघ्यावर ठेवून. मी म्हणालो, ही दोघांनी केलीय, मलाही बसवा खाली. एका हवालदारानं माझं नाव विचारलं, गाव विचारलं.

"सांगोल्याकडचा व्हय? मग ह्यांच्या नादी कशाला लागतो? जा, आई वाट बघत आसंल."

तो खालून म्हणाला, "साहेब, टोक नखानं खरवडा. खाली नारिंगी हाय. एकदा खरवडा फक्त."

कुणी खरवडलं नाही. हवालदारानं जप्त करून टेबलावर ठेवलेली गन उचलली, छर्रा भरला, खटका ओढला.

"खेळणंच हाय न्हवं हे? मग लागायचं न्हाय. कर हात पुढं."

त्यानं हात पुढं केला. तोच, भाताचा. टेबलापासून तो जेमतेम पाच-सहा फुटांवर. पहिला छर्रा तळव्यात बसला आणि भाताची वाळकी शितं उडाली, तर सगळे हसले. ज्या गोष्टीवर आम्ही शेळ्यांत बसून हसलो होतो, की प्रत्येक छऱ्याला खटका मागं ओढावा लागतो, तिच्यामुळं आता प्रत्येक दोन छऱ्यांच्या मधे त्याला हात तसाच धरून थांबावं लागत होतं. हात खाली गेला की दुसरा हवालदार काठीनं वर करायचा.

"मशीनगन हाय म्हणं. मग आवाज कुटं हाय? काढ की तोंडानं."

आणि तो काढत होता. धड, धड, धड. माझ्याकडं न बघता.

मी ओरडलो. मला दंडाला धरून दारात नेऊन उभं केलं. जोरात धरलं नाही, हेही लिहून ठेवतो.

दादांना विचारायला बोलावलं होतं, तेवढ्यात ते आले. कपाळावर गंध, गळ्यात मंडळाचा गमछा. माझ्या दोस्ताचा चेहरा उजळला. सावरून बसला आणि म्हणाला, "दादा, सांगा की ह्यांना."

दादा हवालदाराकडं बघत म्हणाले, "मी निस्ता देखावा करा म्हणालो. आसलं काय आणा म्हणालो न्हाय." मग हातातलं घड्याळ बघितलं. आरतीला उशीर होत होता.

दुसऱ्या दिवशी त्याला सोडलं. गन मुद्देमालात राहिली. कागदावर लिहिलंय, बंदुकीसारखी हुबेहूब वस्तू बाळगली. हुबेहूब! ज्यानं हुबेहूब कर म्हणून दटावलं, तो विसर्जनाला ट्रॅक्टरवर उभा राहून गुलाल उधळत होता. बंकरच्या पोत्यांवर बाजारातली प्लास्टिकची गन ठेवली होती, आणि तिच्याबरोबरही लोक फोटो काढत होते.

दाखला अडला, प्रकरण चालू आहे म्हणून. ठेकेदारानं जागा अजून दुसऱ्याला दिलेली नाही, पण किती थांबेल? त्याचे अब्बा आता घोड्याला घोडा म्हणत नाहीत. दुकानात गिऱ्हाईक असलं की "ते स्टूल घे" म्हणतात. साठीच्या माणसानं आपल्याच धंद्यातला शब्द घाबरून गिळला. आणि तुम्ही, गल्लीतले, म्हणता, प्रकरण मिटलं.

त्याची केस बघणाऱ्या वकीलबाई म्हणतात, पहिल्या संध्याकाळचे फोटो हवेत. टोक नारिंगी होतं आणि सगळ्यांदेखत खेळणं म्हणूनच ठेवलं होतं, हे दिसलं पाहिजे. माझा फोटो एकट्याचा पुरत नाही. मी दोस्त पडलो. म्हणून मी घरोघर फिरलो.

"डिलीट झाला की रे."

"फोन बदललो बघ."

ज्या काकूंनी नारिंगी टोकाला गाल लावून काढलेला फोटो गौरी जाईपर्यंत व्हॉट्सॲपवर लावला होता, त्या दार अर्धंच उघडून म्हणाल्या, "फोटो हाय बाबा. पण आमचं नाव नको." आत कुकरची शिट्टी झाली. दार लावलं. त्या काकूंच्या स्वयंपाकघरातल्या फळ्या त्यानंच ठोकल्यात.

तुम्ही वाईट नाही, असं मला लिहिता येणार नाही. त्याच्या तळहातावर हवालदारानं छर्रे मारले. तो तळहात पुढं धरून ठेवायला लावला तुमच्या गप्प बसण्यानं, आणि अजून तो खाली आलेला नाही.

तेव्हा वाचणं थांबवा आणि फोन काढा. गेल्या गणपतीपर्यंत मागं जा. पोत्याआड तुम्ही बसलेले असाल, हसत. टोक बघा. नारिंगी दिसलं की तो फोन घेऊन सात रस्ता चौकात वकीलबाईंकडं चला, आणि स्वतःच्या नावानं, आडनावासकट, जबाब द्या.